‘कशामुळे झाला असेल?’ : मधुमेहाचं निदान आणि आधीच तयार असलेली उत्तरं

रिपोर्ट हातात येतो. उपाशीपोटीची साखर १२६ किंवा त्याहून जास्त, नाहीतर एचबीए१सी ६.५ टक्के किंवा त्याच्या पुढे. हा दुसरा आकडा गेल्या दोन-तीन महिन्यांत रक्तात सरासरी किती साखर फिरत होती त्याचा अंदाज देतो. बहुतेक वेळा तपासणी पुन्हा करून खात्री केली जाते आणि मग डॉक्टर सांगतात, मधुमेह आहे. त्यापुढे ते जे बोलतात त्यातलं फारसं लक्षात राहत नाही, कारण ऐकणाऱ्याच्या डोक्यात तोवर दुसराच प्रश्न घोळायला लागलेला असतो: कशामुळे झाला असेल?

आणि बहुधा उत्तरही तयारच असतं. गोड फार खाल्लं. टेन्शन. आईला होता. त्या अपघातानंतरच सुरू झालं. कुणाची तरी दृष्ट. देवाची मर्जी. डॉक्टर पुढची पाच मिनिटं स्वादुपिंड आणि इन्शुलिन समजावून सांगतात, समोरचा मान डोलावतो आणि घरी जाऊन स्वतःच्या उत्तराप्रमाणे वागतो. ज्याच्या मते टेन्शनमुळे झाला, तो टेन्शन कमी झालं की गोळी बंद करतो. ज्याच्या मते साखरेमुळे झाला, तो साखरेचा डबा वरच्या फळीवर ठेवतो आणि निर्धास्त होतो. ज्याच्या मते नशिबात होता, तो काहीच करत नाही.

ही उत्तरं अडाणीपणातून येतात असं मानण्याची एक सवय आहे. मला ती चुकीची वाटते. चांगली शिकलेली माणसंही त्याच वाटेने जातात, फक्त त्यांचे शब्द वेगळे असतात. माणूस ज्या घरात, ज्या भाषेत, ज्या श्रद्धेत वाढला तिथून त्याला आजाराचा अर्थ मिळालेला असतो. उपचार टिकणार की नाही हे पुष्कळदा तो अर्थच ठरवतो.

आर्थर क्लाइनमन हे अमेरिकी मनोविकारतज्ज्ञ आणि मानववंशशास्त्रज्ञ. त्यांनी आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १९७८ साली डॉक्टरांसाठी काही साधे प्रश्न सुचवले. तुम्ही या त्रासाला काय म्हणता? तो कशामुळे झाला असं तुम्हाला वाटतं? आत्ताच का सुरू झाला? तो शरीरात काय करतो? किती दिवस राहील? कोणते उपचार व्हावेत असं वाटतं? सगळ्यात जास्त भीती कशाची वाटते? एकाही प्रश्नात साखरेचा आकडा नाही. तरी ज्याला नुकतंच निदान झालंय त्याच्याकडून यांची उत्तरं मिळाली, तर पुढच्या वर्षभरात काय बिघडू शकतं याचा बराचसा नकाशा हाती येतो.

नावातच अर्धी गोची

पहिलाच प्रश्न घ्या, तुम्ही याला काय म्हणता. ‘डायबेटिस’ हा ग्रीक शब्द. त्यात आरपार वाहून जाण्याचा अर्थ आहे, कारण रुग्णाला सारखी लघवी होते. पुढे लॅटिनमधून ‘मेलिटस’ जोडला गेला, म्हणजे मधासारखं गोड. आपला ‘मधुमेह’ही तेच सांगतो: मधासारखी लघवी. चिनी आणि जपानी नावाचा शब्दशः अर्थ ‘साखर-लघवी-रोग’. अमेरिकेच्या दक्षिणेकडच्या राज्यांत आणि कॅरिबियन बेटांवर पुष्कळ लोक नुसतं ‘शुगर’ म्हणतात, आपण म्हणतो तसंच.

नाव काय काय करू शकतं याचा ताजा दाखला जपानचा. २०२३ साली तिथल्या मधुमेहतज्ज्ञांच्या आणि रुग्णांसाठी काम करणाऱ्या संघटनांनी जुनं नाव सोडून इंग्रजी उच्चाराच्या जवळचं ‘डायाबेटिस’ वापरावं असा प्रस्ताव मांडला. नावातल्या ‘लघवी’ने रुग्णांना लाज वाटते आणि लाज वाटली की माणूस आजार लपवतो, हे त्यामागचं एक कारण.

‘शुगर’ या नावात लाज कमी, पण दिशाभूल जास्त. साखरेचा आजार म्हटलं की शत्रू एकच उरतो, चमच्यातली पांढरी साखर. प्रत्यक्षात कोणतंही पिठूळ अन्न पोटात गेलं की त्याचं ग्लुकोज होतं, मग जिभेला ते गोड लागो वा न लागो. ते ग्लुकोज रक्तातून पेशींत शिरायला इन्शुलिन लागतं. टाइप २ मध्ये पेशी इन्शुलिनला नीट दाद देत नाहीत आणि स्वादुपिंडही हळूहळू थकत जातं. टाइप १ मध्ये इन्शुलिन तयार होणंच जवळपास थांबतं. यातलं काहीही ‘शुगर’ या शब्दात ऐकू येत नाही. म्हणून ‘गोड सोडलं तरी साखर का वाढते’ हा प्रश्न जगभर, सगळ्या भाषांत विचारला जातो.

घाबरल्यामुळे मधुमेह

मेक्सिकोत आणि अमेरिकेतल्या मेक्सिकन वंशाच्या लोकांत ‘सुस्तो’ नावाची एक समजूत आहे. सुस्तो म्हणजे जबर धक्का, अंगातला जीव उडावा असा. अपघात पाहिला, घरात अचानक मृत्यू झाला, कुणी जीवावर उठलं, त्यानंतर शरीर बिघडतं आणि त्यातून मधुमेह होतो, असं अनेक जण संशोधकांना सांगतात. तारीख-वार सांगून सांगतात.

डॉक्टरने हसून ‘असं काही नसतं’ म्हटलं की संवाद तिथेच संपतो. पण जरा थांबून पाहिलं तर या समजुतीला पाय फुटले कुठून हे कळतं. भीती आणि ताण यांत शरीरात अ‍ॅड्रिनलिन आणि कॉर्टिसॉल वाढतात, त्यांनी रक्तातली साखर खरंच चढते. दुसरं असं की टाइप २ मधुमेह वर्षानुवर्षं गुपचूप अंगात राहू शकतो. मग अपघात होतो, माणूस दवाखान्यात पोचतो, रक्त तपासलं जातं आणि साखर सापडते. घरच्यांच्या हिशेबात क्रम असा लागतो: आधी ठीक होता, मग धक्का बसला, मग मधुमेह झाला. अनुभव खोटा नाही, जोडणी चुकली आहे. त्या धक्क्याला नाकारण्याऐवजी ‘धक्क्याने साखर चढलेली असू शकते, पण आजार त्याआधीपासून होता, म्हणून धक्का ओसरला तरी औषध लागेल’ असं सांगता येतं. वाक्य थोडं लांब होतं खरं. पण माणूस ते ऐकून घेतो. संशोधकांना असं दिसलं आहे की सुस्तो मानणारे लोक आनुवंशिकता आणि खाणंपिणंही मानतात. एकाच डोक्यात दोन्ही उत्तरं गुण्यागोविंदाने नांदतात.

माझ्या सगळ्यात आवडीचा अभ्यास लंडनच्या पूर्व भागातला, १९९८ साली प्रसिद्ध झालेला. तिथे राहणाऱ्या बांगलादेशी वंशाच्या मधुमेही लोकांशी त्यांच्याच भाषेत बोलून, त्यांच्या गोष्टी ऐकून तो केला गेला. आहारतज्ज्ञ अन्नाची विभागणी करतात पिष्ट, प्रथिनं, स्निग्ध अशी. ही माणसंही अन्नाची विभागणी करत होती, पण त्यांच्या मोजपट्ट्या दोन होत्या: अन्नात ताकद किती आणि ते पचायला हलकं की जड. कच्चं, भाजलेलं आणि भट्टीत शेकलेलं अन्न पचायला जड, म्हणून म्हाताऱ्या आणि अशक्त माणसाला नको, असा त्यांचा हिशेब.

आता आरोग्य खात्याच्या पत्रकातली ठरलेली ओळ आठवा: तळू नका, भाजून किंवा शेकून खा. सल्ला बिनचूक आहे. पण ज्याला नुकतंच ‘तू आजारी आहेस’ असं सांगितलंय त्याला तो असा ऐकू येतो: तू अशक्त आहेस, आता पचायला जड ते खा! पत्रक कचऱ्यात जातं आणि फाइलमध्ये शेरा पडतो, ‘रुग्ण सहकार्य करत नाही’. उकडून, वाफवून किंवा कमी तेलात शिजवून खा म्हटलं असतं, तर कदाचित काही अडलंच नसतं.

त्याच लोकांच्या बोलण्यात आणखी एक गोष्ट होती. शरीरात काय जातं आणि शरीरातून काय बाहेर पडतं, यांचा तोल बिघडला की आजार, अशी त्यांची कल्पना. घाम हासुद्धा बाहेर पडणाऱ्यांपैकी एक. व्यायाम हा वेगळा उद्योग म्हणून त्यांच्या आयुष्यात फारसा नव्हता. नमाजाच्या हालचालींना मात्र ते चांगला व्यायाम मानत. मला वाटतं, हुशार डॉक्टरला इथे दोन दारं उघडी दिसतील. पण त्यासाठी आधी विचारावं लागतं.

अंगाने भरलेलं असणं म्हणजे तब्येत चांगली, हेही त्या गप्पांत आलं. जगाच्या अनेक भागांत असंच मानतात आणि ज्या समाजाने उपासमार पाहिली आहे त्याने तसं मानणं साहजिक आहे. अशा घरात वजन उतरू लागलं की शेजारी विचारतात, बरं नाही का? उलट बाजूने, बारीक माणसाला निदान झालं की तो मानायलाच तयार नसतो. त्याच्यासाठी एक मजेदार नोंद आहे. पुण्याचे मधुमेहतज्ज्ञ डॉ. चित्तरंजन याज्ञिक आणि त्यांचे इंग्रज सहकारी जॉन युडकिन यांनी २००४ साली स्वतःचे फोटो शेजारी-शेजारी छापले. दोघांचा बीएमआय, म्हणजे उंचीच्या मानाने वजनाचं माप, अगदी सारखा, २२.३. अंगातली चरबी मात्र युडकिनांच्या ९.१ टक्के आणि याज्ञिकांच्या २१.२ टक्के. वजनकाट्याला हे दिसत नाही. म्हणूनच जागतिक आरोग्य संघटनेच्या तज्ज्ञगटाने त्याच वर्षी आशियाई लोकांसाठी सावध होण्याची पायरी २५ ऐवजी २३ बीएमआयवर आणण्याचं सुचवलं.

‘आमच्यात असतोच’ म्हणणाऱ्यांसाठी पीमा लोकांची गोष्ट पुरेशी आहे. अमेरिकेच्या अ‍ॅरिझोना राज्यातले पीमा आणि मेक्सिकोच्या डोंगराळ भागातले पीमा एकाच मुळाचे. २००६ साली छापलेल्या अभ्यासात अ‍ॅरिझोनात ३८ टक्के प्रौढांना टाइप २ मधुमेह होता, मेक्सिकोत ६.९ टक्के. रक्त तेच. अ‍ॅरिझोनातल्यांच्या नदीचं पाणी एकोणिसाव्या शतकात वरच्या अंगाला वळवलं गेलं, शेती बसली आणि पुढे खाणंपिणं, कष्ट सगळंच बदललं. आनुवंशिकता खरी आहे, पण ती एकटी निकाल लावत नाही.

उपवास, सुई आणि झाडपाला

श्रद्धा आणि उपचार यांची गाठ सगळ्यात ठळक पडते ती उपवासात. याचा सर्वांत जास्त अभ्यास झालाय रमजानच्या संदर्भात. १३ देशांतल्या १२ हजारांहून अधिक मधुमेहींची माहिती २००४ साली प्रसिद्ध झाली. टाइप १ असलेल्यांपैकी सुमारे ४३ टक्के आणि टाइप २ असलेल्यांपैकी सुमारे ७९ टक्के लोकांनी किमान १५ दिवस रोजे धरले होते. आजारी माणसाला कुराणातच सूट आहे, तरीही. आणि साखर एकदम खाली जाण्याचे गंभीर प्रसंग रमजानमध्ये टाइप १ मध्ये साधारण पावणेपाच पट, टाइप २ मध्ये साडेसात पट झाले.

या आकड्यांवरून ‘उपवास करू नका’ एवढंच सांगून मोकळं होणं सोपं आहे. पण दहापैकी आठ जण करणारच असतील तर ती बंदी फक्त एवढंच साधते की पेशंट डॉक्टरला सांगायचा थांबतो. म्हणून आंतरराष्ट्रीय मधुमेह महासंघ आणि रमजानवर काम करणाऱ्या तज्ज्ञांच्या गटाने मिळून मार्गदर्शिका काढली, २०२१ मध्ये ती सुधारली. त्यात प्रत्येकाचा धोका गुणांनी मोजतात. आहार आणि मेटफॉर्मिनसारख्या गोळीवर असलेल्या, बाकी तब्येत ठीक असलेल्या माणसाचा धोका सहसा कमी असतो. टाइप १, दिवसातून अनेकदा इन्शुलिन, गरोदरपण, मूत्रपिंडाचा मोठा बिघाड, नुकतीच साखर धोकादायक खाली गेलेली, यांना सहसा उपवास टाळायला सांगतात. धरलाच तर दिवसा साखर तपासायची आणि ती ७० च्या खाली किंवा ३०० च्या वर गेली की तिथल्या तिथे सोडायचा. आता यातली बारीक पण महत्त्वाची गोष्ट: बोटाला सुई टोचून रक्त तपासल्याने रोजा मोडत नाही, असं धर्माच्या जाणकारांचंही मत आहे. हे माहीत नसल्याने पुष्कळ लोक दिवसभर तपासतच नाहीत. इथे डॉक्टरपेक्षा धर्मगुरूचं एक वाक्य जास्त कामाला येतं.

कोणत्याही धर्माचा उपवास असो, औषधांचं गणित तेच. काही गोळ्या पोटात अन्न असो वा नसो इन्शुलिन सोडायला लावतात, त्या उपाशीपोटी घातक. म्हणून उपवास ठरवायचा असेल तर आधी डॉक्टरकडे जायचं. चक्कर आल्यावर जाऊन उपयोग नाही.

इन्शुलिनची भीती तर सगळ्याच संस्कृतींनी वाटून घेतली आहे. ‘इन्शुलिन सुरू झालं की डोळे जातात’, ‘इन्शुलिन म्हणजे शेवट’. या समजुतीही पाहिलेल्या गोष्टींतूनच आल्या. मावशीला इन्शुलिन सुरू झालं, वर्षभरात दिसायचं कमी झालं. पण मावशीने इन्शुलिन दहा वर्षं टाळलं होतं. तेवढ्या काळात चढ्या साखरेने डोळ्यांचा पडदा खराब केलेला होता आणि सुई अगदी शेवटी आली. दोष मात्र सुईच्या माथी बसला. त्यात डॉक्टरही भर घालतात: ‘नीट वागला नाहीत तर इन्शुलिन लावीन’. ज्या औषधाने १९२२ च्या जानेवारीत टोरांटोत १४ वर्षांच्या एका मरणासन्न मुलाला वाचवलं, ते औषध शिक्षा म्हणून दाखवायचं आणि मग पेशंट घाबरतो म्हणून कुरकुरायचं.

धर्माची एक शंका मात्र खरी होती. कित्येक दशकं इन्शुलिन डुकरांच्या आणि गुराढोरांच्या स्वादुपिंडातून काढत. १९८२ साली जिवाणूंकडून बनवून घेतलेलं मानवी इन्शुलिन बाजारात आलं आणि आज वापरलं जाणारं जवळपास सगळं इन्शुलिन तसंच, जिवाणू किंवा यीस्टकडून बनवून घेतात. शंका असेल तर मोकळेपणाने विचारावं, उत्तर सोपं आहे.

झाडपाल्याबद्दल बोलताना डॉक्टर लोकांचा आवाज चढतो आणि पेशंट गप्प होतो. कडू गोडाला मारतं, हे तर्कशास्त्र इतकं सरळ आहे की ते जगात ठिकठिकाणी सापडतं. त्यावर नाक मुरडणाऱ्यांनी एक लक्षात ठेवावं, की ज्या गोळीने बहुतेकांचे उपचार सुरू होतात त्या मेटफॉर्मिनचं मूळ एका वनस्पतीत आहे. युरोपात ती पूर्वीपासून औषधी म्हणून वापरत. तिच्यातल्या द्रव्यांचा माग काढत काढत ही गोळी बनली आणि १९५७ साली फ्रान्समध्ये ज्याँ स्टर्न यांनी ती माणसांसाठी पुढे आणली. फरक आहे तो मापाचा: किती द्यायची, किती दिवस, कुणाला चालत नाही, हे तपासलेलं आहे. पुडीतल्या चूर्णाबद्दल ते माहीत नसतं. शिवाय ‘शंभर टक्के हर्बल’ म्हणून विकल्या जाणाऱ्या काही उत्पादनांत मधुमेहाचीच औषधं न सांगता मिसळलेली सापडली आहेत. वरून डॉक्टरची गोळी घेतली की साखर धाडकन खाली. म्हणून घेत असाल तर सांगा. ओरडा बसला तरी सांगा.

‘हो’ म्हणजे काय

निदान एकाचं होतं, पण बदल सगळ्या घराला करावा लागतो. पुरुषाला मधुमेह झाला की बहुतेक समाजांत स्वयंपाक करणारी बाई त्याचं पथ्य सांभाळते. तिला झाला की चित्र पालटतं: सगळ्यांसाठी नेहमीचं रांधायचं आणि स्वतःसाठी वेगळं काही करायचं तर वेळही नाही आणि हक्कही वाटत नाही. आहाराचा कागद ज्याच्या हातात दिला जातो आणि चूल ज्याच्या हातात असते, ती माणसं एक असतीलच असं नाही. तरुण मुलीला निदान झालं आणि लग्नाचं बघायचं असेल तर कागद घरात उघडलाही जात नाही. पाहुणा म्हणून गेल्यावर वाढलेलं नाकारणं जिथे अपमान समजतात, तिथे ‘मला मधुमेह आहे’ हे वाक्य लपवलेलं गुपित फोडतं.

तरी एक खबरदारी हवी. ‘त्यांची संस्कृतीच तशी’ हे वाक्य डॉक्टरांसाठी फार सोयीचं असतं. दोन पाळ्यांत काम करणारी बाई चालायला जात नाही, यात संस्कृती शोधण्यापेक्षा घड्याळ पाहावं. पट्ट्या महाग म्हणून साखर न तपासणाऱ्याला श्रद्धाळू ठरवू नये. आणि एकाच घरातले दोन भाऊ एकाच आजाराकडे दोन तऱ्हांनी बघू शकतात. आडनावावरून, पेहरावावरून कुणाचं उत्तर ओळखता येत नाही.

लोकांच्या भाषेत, त्यांच्या चालीरीती धरून मधुमेहाचं शिक्षण दिलं तर काही फरक पडतो का? अल्पसंख्य वांशिक गटांवर झालेल्या ३३ चाचण्यांचा एकत्रित आढावा २०१४ साली आला. नेहमीच्या पद्धतीच्या तुलनेत सहा महिन्यांनी एचबीए१सी सुमारे अर्ध्या टक्क्याने कमी भरला. म्हणजे ८.५ असता तर ८. एका चांगल्या गोळीने साधारण एक टक्का उतरतो, तेव्हा नुसत्या बोलण्याने अर्धा म्हणजे थोडा नाही. वर्षभराने हा फायदा कमी झालेला दिसला.

राहता राहिला तो मान डोलावण्याचा प्रकार. मोठ्या माणसासमोर, डॉक्टरसमोर ‘नाही समजलं’ म्हणणं अनेक ठिकाणी उद्धटपणा ठरतो. तिथे ‘हो’ चा अर्थ ‘पटलं’ असा नसतो, ‘ऐकलं’ एवढाच असतो. त्यामुळे ‘समजलं ना?’ हा दवाखान्यातला सगळ्यात निरुपयोगी प्रश्न. त्याऐवजी अनुभवी परिचारिका म्हणतात, ‘मी नीट सांगितलं का बघते. घरी गेल्यावर काय करणार, ते तुमच्या शब्दांत सांगा.’ चूक झालीच तर ती सांगणाऱ्याची ठरते, ऐकणाऱ्याची मान खाली जात नाही.

दोन मिनिटांपूर्वी ‘हो, हो’ म्हणणारा माणूस मग थोडा विचार करून सांगतो, ‘सकाळ-संध्याकाळ जेवणाबरोबर गोळी. रोज चालायचं. आणि मुलीचं लग्न एकदा पार पडलं की गोळी बंद, कारण मग टेन्शन राहणार नाही.’